प्रकल्प नोंदी: प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंच्या दोन तेलविहिरी

६ जानेवारी २०२५

शेजारच्या दोन तेलविहिरींच्या मधून प्रस्तरभंग (खडकांचे थर तुटून एक बाजू दुसरीच्या तुलनेत सरकलेली भेग) जात असेल, तर त्या विहिरी एकमेकींशी कितपत जोडलेल्या आहेत हे ठरवण्याच्या पद्धती तपासून पाहण्यासाठी एक लहान संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. प्रत्यक्ष तेलक्षेत्रात जमिनीखालचे खरे उत्तर पूर्णपणे कधीच हाती येत नाही, त्यामुळे आपली पद्धत बरोबर होती की निष्कर्ष योगायोगाने जुळला हे सांगता येत नाही. गृहीत आकड्यांच्या प्रतिकृतीत उत्तर आधीच माहीत असते आणि प्रत्येक मापन त्या उत्तराच्या किती जवळ पोहोचते ते पाहता येते. म्हणून या नोंदींतील थरांचे, अंतरांचे आणि खडकांच्या गुणधर्मांचे सर्व आकडे आम्ही निवडलेले आहेत. ते कोणत्याही एका क्षेत्राचे नाहीत.

रचना अशी ठरवली. विहीर अ आणि विहीर ब यांच्यात ८०० मीटर अंतर आहे आणि प्रस्तरभंग बरोबर मध्यावर, म्हणजे प्रत्येकीपासून ४०० मीटरवर आहे. थरांचा क्रम वरून खाली असा: वाळू-१ (२० मीटर), शेल (चिकणमातीचा थरदार खडक, १२ मीटर), वाळू-२ (३० मीटर), शेल (८ मीटर), वाळू-३ (२५ मीटर). या ९५ मीटरच्या वर आणि खाली जाड शेल आहे. ब-कडील बाजू अ-कडील बाजूच्या तुलनेत ३५ मीटर खाली सरकलेली आहे; या अंतराला पुढे ‘सरक’ म्हटले आहे. वालुकाश्माची पार्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) २०० मिलिडार्सी, सच्छिद्रता २२ टक्के, तेलाची श्यानता (दाटपणा) १ सेंटिपॉइज आणि खडक व द्रव यांची एकत्रित संपीड्यता (दाबाने आकसण्याचे प्रमाण) प्रति बार ०.०००१५ धरली.

या प्रश्नावर मोठे निर्णय अवलंबून असतात. अ मध्ये पाणी भरले तर ब मधील दाब टिकेल का, ब मधून काढलेले तेल अ च्या वाट्यातून येत आहे का, मधल्या जागेत तिसरी विहीर खोदण्याची गरज आहे का, या सगळ्यांची उत्तरे प्रस्तरभंगाच्या वागणुकीवर ठरतात.

९ जानेवारी २०२५

पहिला टप्पा केवळ भूमितीचा आहे. सरकल्यानंतर कोणता थर कोणत्या थरासमोर आला, हे भंग-प्रतलावर (थर जेथे तुटून घसरले त्या पृष्ठभागावर) दोन्ही बाजूंचे थर एकत्र रेखाटून पाहिले. अशा आकृतीला तेलभूविज्ञानात ॲलन आकृती म्हणतात. ॲलन यांचा यावरील लेख १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हे रेखाटन या कामाचा पाया मानले जाते.

खोली वाळू-१ च्या अ-कडील माथ्यापासून मोजली. अ-कडील वाळू-१ ० ते २० मीटरवर आहे आणि तिच्यासमोर ब-कडे सर्वत्र वरचे शेल आले आहे, त्यामुळे ती प्रस्तरभंगापाशी पूर्णपणे बंद झाली. अ-कडील वाळू-२ ३२ ते ६२ मीटरवर आहे. तिच्यासमोर ब-कडील वाळू-१ (३५ ते ५५ मीटर) आली आणि दोघींचा २० मीटर उंचीचा संपर्क झाला. अ-कडील वाळू-३ (७० ते ९५ मीटर) ही ब-कडील वाळू-२ (६७ ते ९७ मीटर) समोर संपूर्ण २५ मीटर उंचीत आली. ब-कडील वाळू-३ समोर मात्र अ-कडचे खालचे शेल आहे.

या रचनेत एकही वाळू पलीकडच्या स्वतःच्या भागाला चिकटलेली नाही. वाळू-१ चा स्वतःशी संपर्क २० मीटर सरकेनंतर, वाळू-३ चा २५ मीटरनंतर आणि वाळू-२ चा ३० मीटरनंतर संपतो, आणि आपली सरक ३५ मीटर आहे. विहिरींचे आलेख शेजारी ठेवून वाळू-२ ला वाळू-२ शी जोडणारी रेषा काढण्याची सवय सर्वांनाच असते आणि थरांची ओळख पटवण्यासाठी ती योग्यही आहे. प्रवाहाचा विचार करताना मात्र तीच रेषा दिशाभूल करते, कारण येथे अ मधील वाळू-२ चे तेल ब मधील वाळू-१ कडे जाऊ शकते, वाळू-२ कडे नाही. सरक ९५ मीटरपर्यंत पोहोचली असती तर कोणतीच वाळू कोणत्याच वाळूसमोर उरली नसती आणि पुढचे बहुतेक प्रश्न निघालेच नसते.

१५ जानेवारी २०२५

वाळू वाळूसमोर आली म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नाही, कारण दोन बाजूंच्या मध्ये प्रस्तरभंगाने स्वतः तयार केलेला खडक असतो. सरकताना वाळूचे कण चिरडले जातात, शेलमधील चिकणमाती भंग-प्रतलावर लेपासारखी पसरते किंवा वाळूत मिसळते, आणि खोलवर गाडल्या गेलेल्या, साधारण ९० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या वालुकाश्मात क्वार्ट्झचा गारा उरलेली छिद्रे बुजवतो. प्रस्तरभंगाच्या गाभ्याभोवती लहान लहान भंगांचा आणि विरूपण-पट्ट्यांचा (कण चिरडून दाट झालेल्या पातळ पट्ट्यांचा) एक रुंद पट्टाही असतो. सच्छिद्र वालुकाश्मातील एखादी विरूपण-पट्टी काही मिलिमीटर जाडीची असली तरी तिची पार्यता मूळ खडकापेक्षा हजारपट कमी असू शकते.

चिकणमातीचा अंदाज घेण्यासाठी शेल गाऊज रेशो वापरला. भंग-प्रतलावरील एखाद्या बिंदूपासून सरकेइतक्या जाडीचे जे खडक घसरत गेले, त्यांतील चिकणमातीचे सरासरी प्रमाण म्हणजे हा अंक. यील्डिंग, फ्रीमन आणि नीडहॅम यांच्या १९९७ मधील लेखामुळे तो सर्वत्र रूढ झाला. शेलमध्ये चिकणमाती ८० टक्के आणि वाळूत ५ टक्के धरली. अ-कडील वाळू-२ आणि ब-कडील वाळू-१ यांच्या संपर्कात प्रत्येक बिंदूजवळून १२ मीटर शेल आणि २३ मीटर वाळू गेली आहे, म्हणून तेथे ३१ टक्के मिळाले. वाळू-३ आणि वाळू-२ यांच्या संपर्कात ८ मीटर शेल आणि २७ मीटर वाळू गेली, म्हणून २२ टक्के मिळाले.

या प्रमाणांवरून पार्यता काढण्यासाठी मांझोकी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेले सूत्र घेतले. त्यातच प्रस्तरभंग-खडकाची जाडी सरकेच्या साधारण ६६ व्या भागाइतकी धरली जाते. आपल्या सरकेसाठी जाडी ०.५३ मीटर आली. पहिल्या संपर्कातील पार्यता सुमारे ०.०५ मिलिडार्सी आणि दुसऱ्यातील सुमारे ०.१० मिलिडार्सी निघाली.

हे आकडे नुसते वाचून त्यांचा अर्थ मनात बसत नाही, म्हणून त्यांचे रूपांतर अंतरात केले. ०.१० मिलिडार्सीचा अर्धा मीटर खडक प्रवाहाला जेवढा रोध करतो, तेवढा रोध २०० मिलिडार्सीच्या वालुकाश्माची सुमारे १,०५० मीटर लांबी करते, ०.०५ मिलिडार्सीच्या संपर्कासाठी ही लांबी सुमारे २ किलोमीटर होते. म्हणजे ८०० मीटरवरच्या या विहिरी प्रवाहाच्या दृष्टीने एका थरातून जवळजवळ १,८५० मीटर आणि दुसऱ्यातून जवळजवळ २,९०० मीटर दूर आहेत. प्रस्तरभंग किती रोध करतो हे सांगण्याची ही पद्धत मला सर्वांत स्पष्ट वाटते, कारण तीत ‘बंद’ आणि ‘खुला’ हे दोनच पर्याय उरत नाहीत.

त्याच वेळी एक सावधगिरी येथेच नोंदवतो. चिकणमातीचे प्रमाण सारखे असलेल्या नमुन्यांचीही प्रत्यक्ष मोजलेली पार्यता शंभरपट किंवा त्याहून अधिक फरकाने वेगळी येते. सूत्र मधली रेषा देते. त्यामुळे पुढील प्रत्येक गणित तीन पार्यतांसाठी करायचे ठरवले: सूत्राची, तिच्या शंभराव्या भागाची आणि दहा हजाराव्या भागाची.

१७ जानेवारी २०२५

सिम्युलेटरमध्ये (प्रवाहाचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत) अर्धा मीटर जाडीचा खडक स्वतंत्रपणे मांडत नाहीत. भंग-प्रतलाला टेकलेल्या दोन सेलमधील (प्रतिकृतीच्या लहान चौकटींमधील) प्रवाहाला एका गुणकाने गुणतात. सेलची लांबी ५० मीटर ठेवली तेव्हा दोन संपर्कांचे गुणक ०.०२४ आणि ०.०४५ आले, लांबी १०० मीटर केली तेव्हा तेच गुणक ०.०४६ आणि ०.०८७ झाले. खडक तोच, रोध तोच, तरी गुणक जवळजवळ दुप्पट झाला. एखाद्या जुन्या प्रतिकृतीतील गुणक उचलून वेगळ्या सेल-लांबीच्या नव्या प्रतिकृतीत ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. आमच्या नोंदवहीत यापुढे गुणकाऐवजी पार्यता आणि जाडी लिहिली जाईल. गुणक प्रत्येक वेळी त्यांवरून काढला जाईल.

२३ जानेवारी २०२५

आतापर्यंत सरक सगळीकडे ३५ मीटर धरली होती. खरा प्रस्तरभंग मध्यभागी सर्वाधिक सरकलेला असतो आणि टोकांकडे सरक कमी होत शून्यावर येते. शिवाय नकाशावर एक दिसणारी रेषा अनेकदा दोन किंवा अधिक तुकड्यांची असते. तुकड्यांची टोके एकमेकांना समांतर पुढे गेलेली असतात आणि त्यांच्यामध्ये न तुटलेल्या थरांची उतरती पट्टी उरते. दोन्ही गोष्टी प्रतिकृतीत घातल्या, आणि आजवरच्या कामातील सर्वांत मोठा फरक येथे दिसला.

टोकाकडील ४०० मीटर लांबीच्या भागात सरक १० मीटर धरली. तेथे तिन्ही वाळू स्वतःच्याच पलीकडील भागाला मिळतात, या स्वतःशी असलेल्या संपर्कांची एकूण उंची ४५ मीटर होते, आणि या संपर्कांजवळून शेल सरकलेलेच नसल्यामुळे चिकणमातीचे प्रमाण केवळ ५ टक्के राहते. सूत्रानुसार पार्यता ०.४० मिलिडार्सी आणि जाडी ०.१५ मीटर येते, म्हणजे वालुकाश्माच्या साधारण ७५ मीटर लांबीइतका रोध. केवळ प्रस्तरभंग-खडकाचा रोध धरला तर टोकाकडील हा ४०० मीटरचा तुकडा, ३५ मीटर सरक असलेल्या संपूर्ण २ किलोमीटर लांबीपेक्षा साडेतीन पटींहून अधिक प्रवाह जाऊ देतो.

तुकड्यांमधल्या पट्टीचे गणितही केले. १०० मीटर रुंद आणि ३०० मीटर लांब अशी अखंड पट्टी, तिन्ही वाळूंची मिळून ७५ मीटर जाडी धरून, २ किलोमीटरच्या प्रस्तरभंगातून जाणाऱ्या प्रवाहाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक प्रवाह एकटी वाहून नेते. प्रस्तरभंग-खडकाची पार्यता सूत्रापेक्षा शंभरपट कमी असेल, तर तीच पट्टी संपूर्ण प्रस्तरभंगाच्या ३७ पट प्रवाह नेते आणि मग दोन विहिरींची जोडणी जवळजवळ पूर्णपणे तिच्यावरच अवलंबून राहते.

अशी पट्टी भूकंपीय सर्वेक्षणात दिसेल का, यावर भूभौतिकी विभागातील सहकाऱ्याशी सविस्तर चर्चा झाली. खडकातील तरंगवेग सेकंदाला ३,००० मीटर आणि तरंगांची वारंवारता ३० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी १०० मीटर होते, आणि उभ्या दिशेतील विभेदनाची (दोन थर वेगळे ओळखू येण्याची) रूढ मर्यादा, म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग, २५ मीटर येते. परावर्तने स्वच्छ आणि सलग असतील तर याहून लहान सरकही थरांच्या वाकण्यावरून ओळखता येते. परंतु १० मीटर सरकेचा भाग आणि अखंड पट्टी यांत फरक करणे कठीण आहे, आणि ही पट्टी नकाशा काढणाऱ्याच्या हातून सहज एका सलग रेषेत बुजून जाते. सहकाऱ्याने सुचवल्याप्रमाणे प्रत्येक मोठ्या रेषेवर सरकेचा लांबीनुसार आलेख काढायचा ठरवले. एका सलग भंगात हा आलेख मध्यावर उंच आणि टोकांकडे उतरता असतो. मध्येच सरक अचानक कमी होऊन पुन्हा वाढत असेल, तर तेथे दोन तुकडे जुळले असण्याची किंवा त्यांच्यामध्ये पट्टी असण्याची शक्यता तपासायला हवी.

३० जानेवारी २०२५

आजची नोंद या प्रकल्पाच्या गाभ्याची आहे, म्हणून ती विस्ताराने लिहितो. नव्या क्षेत्रात उत्पादन सुरू होण्यापूर्वी दोन्ही विहिरींत दाब मोजतात, आणि तो खोलीनुसार दाब वाढण्याच्या एकाच रेषेवर (प्रवणतेवर) पडला की ‘विहिरी जोडलेल्या आहेत’ असा निष्कर्ष अहवालात येतो. तो निष्कर्ष कितपत टिकतो ते तपासण्यासाठी ब-कडे २ किलोमीटर लांब, १ किलोमीटर रुंद आणि उरलेल्या बाजूंनी बंद असा कप्पा धरला आणि सरक पुन्हा सर्वत्र ३५ मीटर ठेवली. कप्प्यातील ज्या वाळूंना पलीकडे संपर्क आहे त्यांची एकूण जाडी ५० मीटर आहे. अ-कडील दाब स्थिर ठेवला, ब मध्ये दाबाचा फरक निर्माण केला आणि तो फरक प्रस्तरभंगातून झिरपून किती काळात मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो ते काढले.

सूत्राच्या पार्यतेसाठी हा काळ सुमारे २९ दिवस आला. पार्यता शंभरपट कमी केली तर साधारण ८ वर्षे, आणि दहा हजारपट कमी केली तर साधारण ८०० वर्षे आली.

तेल साठ्यात शिरून स्थिरावण्यास लाखो वर्षे लागतात. त्या कालमानात २९ दिवस, ८ वर्षे आणि ८०० वर्षे यांत काहीच फरक उरत नाही. तिन्ही प्रस्तरभंगांच्या दोन बाजूंचा आरंभीचा दाब तंतोतंत सारखाच मिळेल. उत्पादनाच्या कालमानात मात्र हे तीन वेगळे प्रस्तरभंग आहेत. दोन बाजूंत ५० बारचा फरक निर्माण झाला असता पहिल्यातून दिवसाला सुमारे ५,७०० घनमीटर द्रव पलीकडे जाऊ शकतो, दुसऱ्यातून सुमारे ५७ घनमीटर आणि तिसऱ्यातून अर्ध्या घनमीटरहून किंचित अधिक. पहिल्या प्रकरणात अ मध्ये भरलेले पाणी ब ला आधार देईल. तिसऱ्यात ब ची विहीर एका बंद कप्प्यातून काढत राहील आणि काही महिन्यांत तिचा दाब कोसळेल. आरंभीच्या दाबाचा आलेख या तिघांना एकाच रेषेवर बसवतो.

म्हणून आरंभीचा दाब सारखा असणे हा भूवैज्ञानिक काळातील जोडणीचा पुरावा आहे आणि तेवढाच त्याचा अर्थ घ्यावा. उलट बाजूने पाहिले तर तो अधिक ठाम बोलतो: दाब आरंभीच वेगळा असेल, तर उत्पादनाच्या काळात त्या प्रस्तरभंगातून उपयोगाचा प्रवाह येण्याची आशा ठेवण्याचे कारण उरत नाही.

या गणितात पृष्ठफळाचा वाटा विसरू नये. पहिल्या प्रकरणातील मोठा आकडा येतो तो पार्यता चांगली असल्यामुळे नाही, तर संपर्काचे पृष्ठफळ ९०,००० चौरस मीटर असल्यामुळे. दोन विहिरींना जोडणाऱ्या सरळ रेषेवर प्रस्तरभंग कसा आहे एवढेच पाहणारा अभ्यास ही गोष्ट हमखास गमावतो. शिवाय हे आकडे फक्त प्रस्तरभंग-खडकाच्या रोधाचे आहेत. विहिरीपर्यंतच्या वालुकाश्माचा रोध मिळवल्यावर पहिला आकडा बराच खाली येतो, तिसऱ्यात मात्र जवळजवळ काहीच बदलत नाही.

४ फेब्रुवारी २०२५

तेल-पाणी सीमेचा प्रश्न आज घेतला. दोन बाजूंना तेलाखालचे पाणी वेगवेगळ्या खोलीवर सुरू होत असेल तर प्रस्तरभंग पक्का बंद आहे असे मानले जाते. सीमांमध्ये ५० मीटर फरक आणि पाणी व तेल यांच्या घनतेत घनमीटरमागे २०० किलोग्रॅम फरक धरला, तर प्रस्तरभंग-खडकाने एवढा स्तंभ अडवण्यासाठी केवळ सुमारे १ बारचा केशिका-दाब पेलायला हवा. पाण्याने भिजलेल्या बारीक छिद्रांत तेलाला शिरू न देणारा हा अडथळा लाखो वर्षे टिकतो, कारण त्याच्यावर त्याहून अधिक भार येत नाही.

उत्पादनात दोन बाजूंचा फरक दहा बारच्या काही पटींपर्यंत जातो. तेव्हा १ बारचा अडथळा ओलांडला जातो आणि तेल त्या खडकात शिरू लागते, फक्त खडकाच्या कमी पार्यतेने ठरवलेल्या संथ गतीने. सीमा वेगळ्या असणे म्हणजे उत्पादनातही कायमचे वेगळेपण, असे म्हणता येत नाही. हाच पुरावा ३० जानेवारीच्या नोंदीतील पुराव्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेने चुकवू शकतो. साध्या गुणकात हा दोन द्रवांचा परिणाम धरला जात नाही. प्रस्तरभंग-खडकात पाण्याचे प्रमाण जास्त राहत असल्यामुळे तेलाला मिळणारी पार्यता एकद्रवी पार्यतेपेक्षा आणखी कमी असते, याची स्वतंत्र दुरुस्ती प्रतिकृतीत घातली.

११ फेब्रुवारी २०२५

विहीर-चाचणीचे गणित पूर्ण झाले. विहिरीतून उत्पादन घेऊन ती बंद केली की वाढत जाणाऱ्या दाबाचा आलेख काढतात; हॉर्नर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या आलेखात जवळचा बंद प्रस्तरभंग रेषेचा उतार दुप्पट करून स्वतःची ओळख देतो. प्रस्तरभंगाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर दुसरी तशीच विहीर चालू आहे असे समजून हे गणित मांडतात.

आपल्या खडकात दाबाचा बदल ४०० मीटरवरील प्रस्तरभंगापर्यंत पोहोचण्यास साधारण १९ तास लागतात, आणि परत फिरून अ विहिरीत जाणवण्यास साधारण ३ दिवस. आलेखावरील एकेरी आणि दुप्पट उताराच्या रेषा साडेपाच दिवसांपाशी छेदतात. दुप्पट उतार स्पष्टपणे दिसण्यासाठी चाचणी त्याहून बरीच लांबवावी लागेल. दोन दिवसांची चाचणी या विहिरीत प्रस्तरभंग असल्याचेच सांगणार नाही, आणि तिच्या अहवालात ‘कोणतीही सीमा आढळली नाही’ असे वाक्य येईल. ते वाक्य खरे असले तरी चाचणी कितपत दूर पाहू शकली असती ते सोबत न लिहिल्यास निरुपयोगी आहे.

झिरपणाऱ्या प्रस्तरभंगाचे वर्तन याहून शिकवण्यासारखे आहे. उतार आधी दुपटीकडे वाढतो, कारण सुरुवातीला प्रस्तरभंग भिंतीसारखा वागतो. नंतर पलीकडून द्रव येऊ लागला की उतार पुन्हा मूळच्या पातळीकडे उतरतो. सूत्राच्या पार्यतेसाठी या उतरण्याला काही आठवडे लागतात. म्हणजे फार लहान चाचणीत प्रस्तरभंग दिसत नाही, मध्यम चाचणीत तो बंद दिसतो आणि पुरेशा लांब चाचणीत तो झिरपणारा असल्याचे कळते. तिन्ही अहवाल प्रामाणिक असतील आणि तिघांचे निष्कर्ष वेगळे असतील.

इंटरफिअरन्स चाचणी, म्हणजे ब चालू ठेवून बंद असलेल्या अ मध्ये दाबाची घट शोधणे, हा थेट पुरावा आहे. प्रस्तरभंग नसता तर ८०० मीटरवर प्रतिसाद साधारण ३ दिवसांत सुरू झाला असता. प्रस्तरभंगामुळे तो उशिरा आणि क्षीण येतो, त्यामुळे अतिसंवेदनशील दाबमापक आणि भरती-ओहोटीसारख्या नैसर्गिक चढउतारांची वजावट या दोन्हींची तरतूद चाचणीआधीच करावी लागते. प्रत्येक वाळू स्वतंत्रपणे बंद करून चाचणी घेतली तरच कोणता थर कोणाशी बोलतो ते कळेल. सर्व थर एकत्र उघडे ठेवले तर सर्वांत चांगला मार्ग बाकीच्यांना झाकून टाकतो.

१३ फेब्रुवारी २०२५

तेलाच्या रासायनिक ठशांबाबत एक छोटी नोंद. वायू-वर्णलेखनात (तेलातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीत) दोन विहिरींतील तेलांच्या घटकांचे प्रमाण वेगळे दिसले तर मिश्रण पूर्ण झालेले नाही एवढे नक्की कळते. परंतु घटकांचे विसरण (तेलात आपोआप पसरत मिसळणे) दाबाच्या समतोलापेक्षा कितीतरी संथ असते, त्यामुळे दाबाने चांगल्या जोडलेल्या कप्प्यांतही तेल वेगळे असू शकते. हा पुरावा एकट्याने वापरायचा नाही.

१९ फेब्रुवारी २०२५

आतापर्यंत प्रस्तरभंगाला अडथळा मानले. तो वाटही होऊ शकतो. कठीण, ठिसूळ खडकात आणि बऱ्याच चुनखडकांत गाभ्याभोवतीचा भेगाळलेला पट्टा उघडा राहतो, आणि मग भंगाच्या दिशेने प्रवाह झपाट्याने जातो, भंगाला ओलांडून मात्र जात नाही. अशा ठिकाणी भंगाच्या एकाच बाजूला, त्याच्या रेषेवर असलेल्या इंजेक्शन विहिरीचे (पाणी भरण्याच्या विहिरीचे) पाणी उत्पादन विहिरीत फार लवकर येते आणि वाटेतील तेल जागच्या जागी राहते. पाण्यात ट्रेसर (माग काढता येईल असा पदार्थ) मिसळून, उदाहरणार्थ ट्रिशियमयुक्त पाणी वापरून, हा मार्ग ओळखता येतो. आपल्या सच्छिद्र वालुकाश्मात हा धोका कमी धरला असला तरी प्रतिकृतीत भंगाला ओलांडणारी आणि भंगासोबत जाणारी पार्यता स्वतंत्र ठेवली आहे.

दाब बदलला की प्रस्तरभंगही बदलतो, हे येथे विसरता कामा नये. पाणी भरल्याने छिद्रांतील दाब वाढतो, भंग-प्रतलाला दाबून धरणारा परिणामी ताण कमी होतो आणि घसरण्याच्या बेतात असलेला प्रस्तरभंग सरकू शकतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने विहिरींतील दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून भूकंपांची संख्या त्याप्रमाणे बदलते हे दाखवून दिले. लॉस एंजेलिसमधील बाल्डविन हिल्सचा जलाशय १४ डिसेंबर १९६३ रोजी फुटला. त्याच्या तळाखालील प्रस्तरभंगावरील हालचाल आणि शेजारच्या इंगलवुड तेलक्षेत्रातील कामे यांचा संबंध त्यानंतर अनेक अभ्यासांत तपासला गेला. विहिरींमधील जोडणी सुधारण्यासाठी दाब वाढवण्याचा कोणताही प्रस्ताव या तपासणीशिवाय पुढे नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

२६ फेब्रुवारी २०२५

पाणी भरण्याची विहीर कोठे असावी, हा प्रश्न प्रतिकृतीला विचारला. अ-कडून भरलेले पाणी ब मधील वाळू-१ आणि वाळू-२ यांनाच पोहोचते, तेही अ मधील वाळू-२ आणि वाळू-३ मध्ये भरले तरच. अ मधील वाळू-१ मध्ये भरलेले पाणी ३५ मीटर सरकेच्या भागात पलीकडे मुळीच जात नाही. ब मधील वाळू-३, म्हणजे तेथील वाळूच्या एकूण जाडीचा तिसरा हिस्सा, तीनही पार्यतांच्या प्रकरणांत आधाराविना राहते आणि तिला टोकाकडील कमी सरकेच्या भागातून किंवा ब-कडील स्वतंत्र विहिरीतूनच पाणी देता येते. थरांची भूमिती येथे पार्यतेच्या सर्व अनिश्चिततेपेक्षा वरचढ ठरली, आणि हा निर्णय त्यामुळे ठामपणे घेता येतो.

उरलेला निर्णय, वाळू-१ आणि वाळू-२ साठी अ-कडील एक विहीर पुरेल की नाही, तीन प्रकरणांत तीन प्रकारे येतो. त्यांना वेगळे करणारे सर्वांत स्वस्त आणि निःसंदिग्ध मापन उत्पादन सुरू झाल्यानंतरच मिळते. त्यामुळे क्रम असा ठरवला: आधी अ मधून सहा महिने उत्पादन घ्यायचे, मग ब खोदताना नळी बसवण्यापूर्वी प्रत्येक वाळूचा दाब थरनिहाय मोजायचा. वाळू-३ मध्ये मूळ दाब आणि वाळू-१ व वाळू-२ मध्ये घट दिसली तर भूमिती बरोबर आहे आणि घटीच्या आकारावरून प्रस्तरभंग-खडकाची पार्यता काढता येईल. तिन्हींत मूळ दाबच राहिला तर सूत्राची पार्यता बाजूला ठेवून शंभरपट किंवा त्याहून कमी पार्यतेचे प्रकरण घ्यायचे. आणि वाळू-३ मध्येही घट दिसली तर टोकाकडील भाग किंवा न ओळखलेली पट्टी प्रवाह आणत आहे असे धरून सरकेचा नकाशा पुन्हा काढायचा. या तीन शक्यतांच्या दाब-प्रवणता आकृत्या मोजमापाआधीच काढून खोदकाम विभागाकडे पाठवल्या आहेत, जेणेकरून मोजमाप हाती येताच त्याच पाळीत पुढचा थर कोणत्या खोलीवर तपासायचा ते ठरवता येईल.